स्थूल मुलाच्या यकृतात चरबी आढळली तर : घराण्याचा वारसा, चयापचय आणि पालकांनी करावयाची कामे

बहुतेक घरांत ही गोष्ट अपघातानेच कळते. मुलाच्या पोटात दुखते म्हणून सोनोग्राफी केली जाते, दुखण्याचे कारण काही वेगळेच निघते आणि अहवालाच्या तळाशी ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ अशी एक ओळ छापलेली असते. त्या ओळीवर पालकांच्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काही जण ‘आजकाल सगळ्यांनाच असते’ म्हणून अहवाल फायलीत घालून टाकतात. काही जण ‘आमच्या घराण्यातच आहे, आम्ही सगळेच अंगाने भरलेले’ असे म्हणून हात टेकतात. दुसऱ्या वाक्यात तथ्य बरेच आहे; मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष पालक काढतात त्याच्या नेमका उलट आहे, आणि तो का उलट आहे हे समजले तर पुढच्या सहा महिन्यांत काय करायचे याचा उलगडा आपोआप होतो.

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब साठले की त्याला यकृतातील चरबीविकार म्हणतात. मद्यपानाशी संबंध नसलेला असा विकार, असे त्याचे जुने नाव होते. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते बदलून चयापचयातील बिघाडाशी निगडित विकार असे नवे नाव स्वीकारले, आणि मुलांच्या बाबतीत हा बदल विशेष रास्त आहे. दहा वर्षांच्या मुलाचा आजार मद्याच्या अभावावरून ओळखणे मुळातच विचित्र होते. भारतातील उपलब्ध अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात स्थूल मुलांपैकी सुमारे ६३ टक्के आणि स्थूल नसलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के मुलांमध्ये हा विकार आढळला. म्हणजे स्थूलता हे सर्वांत मोठे कारण खरेच, पण स्थूल असूनही प्रत्येक तिसऱ्या मुलाचे यकृत स्वच्छ राहते आणि सडपातळ असूनही काहींचे राहत नाही. हा फरक कशाने पडतो, या प्रश्नाच्या उत्तरात जनुकेही येतात आणि चयापचयही.

आधी टेप आणि वजनकाटा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी तीन आकडे लिहून ठेवावेत : वजन, उंची आणि बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर घेतलेला कमरेचा घेर. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. समजा, दहा वर्षांच्या मुलाचे वजन ४८ किलो आणि उंची १३८ सेंटिमीटर असेल, तर बीएमआय २५ च्या थोडा वर येतो. प्रौढासाठी हा आकडा किरकोळ वाटेल, पण दहाव्या वर्षी तो स्पष्टपणे स्थूलतेत मोडतो, कारण मुलांचा बीएमआय नेहमी वय आणि लिंगानुसार तक्त्यावर ठेवूनच वाचायचा असतो. त्यासाठी भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते वापरावेत. त्यांत पाच ते अठरा वयाच्या मुलांसाठी अतिवजन आणि स्थूलतेच्या रेषा प्रौढांच्या अनुक्रमे २३ आणि २७ या आकड्यांशी जुळवून काढल्या आहेत; परदेशी तक्त्यांवर ‘ठीक’ दिसणारे मूल या तक्त्यांवर धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकते.

कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असू नये. वरच्या उदाहरणातील मुलाचा घेर ७६ सेंटिमीटर असेल तर हे गुणोत्तर ०.५५ येते, आणि मला विचाराल तर बीएमआयपेक्षा हाच आकडा अधिक बोलका आहे. आपल्याकडची ठेवणच तशी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले होते. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतील नवजात बालकांवर याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या कामातही हेच दिसले होते, की आपली बाळे वजनाने कमी जन्मली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते आणि कमी पडतात ते स्नायू. असे बाळ पुढे भराभर वजन घेऊ लागले की जादा चरबी पोटात आणि यकृतात जाण्याचा कल अधिक असतो. म्हणून मुलाचे जन्मवजन आणि गरोदरपणात आईला मधुमेह होता का, या दोन गोष्टीही त्याच कागदावर लिहाव्यात.

मग मुलाची मान पाहावी. मानेच्या मागे, काखेत, कोपरांवर मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल तर तो मळ नाही. कित्येक घरांत तो उटणे, बेसन, अगदी दगडाने घासून काढण्याचे प्रयोग होतात आणि मुलाला ‘नीट अंघोळ करत नाहीस’ म्हणून बोलणी बसतात. ते रक्तातील इन्सुलिन वाढल्याचे चिन्ह आहे, आणि इन्सुलिन-रोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणे, उतरू लागला की ते कित्येकदा फिके होत जाते.

चौथी गोष्ट उंचीची. जास्त खाण्याने स्थूल झालेले मूल साधारणपणे वर्गात उंचही असते. स्थूल मूल बुटके असेल, उंची वाढणे मंदावले असेल, वजन पहिल्या दोन-तीन वर्षांतच बेसुमार वाढले असेल, किंवा त्यासोबत दृष्टी, ऐकणे वा बौद्धिक वाढ यांत अडचण असेल, तर एकाच जनुकातील दोषामुळे होणारे दुर्मीळ विकार आणि थायरॉइडसारख्या ग्रंथींचे आजार यांचा शोध डॉक्टरांनी घेणे आवश्यक आहे. बहुसंख्य मुलांत यांपैकी काही निघत नाही.

घराण्याचा तक्ता काढा

एका कागदावर मूल, त्याची भावंडे, आई-वडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, मावश्या, काका आणि आत्या यांची नावे मांडावीत आणि प्रत्येकापुढे मधुमेह, उच्च रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक चरबी) वाढणे, हृदयविकाराचा झटका, फॅटी लिव्हर, मद्य न घेता झालेला सिरोसिस (यकृत आकसून निबर होणे), यांपैकी काय व कितव्या वर्षी झाले ते लिहावे. ‘आजोबा काविळीने गेले’ असे जे घरात सांगितले जाते, त्यामागे कधी कधी निदान न झालेला सिरोसिस असतो. त्याचीही नोंद करावी. आई-वडील मामे-आते भावंडे असतील तर ते न संकोचता सांगावे, कारण विल्सनचा आजार, म्हणजे यकृतात तांबे साठण्याचा आजार, दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यावरच होतो. नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते आणि या आजारातही यकृतात चरबी दिसू शकते.

हा तक्ता इतका महत्त्वाचा का, हे एका अमेरिकी अभ्यासावरून कळते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्या स्थूल मुलांना यकृताचा हा विकार होता त्यांच्या भावंडांपैकी ५९ टक्के आणि पालकांपैकी ७८ टक्के जणांच्या यकृतात चरबी आढळली. मूल तितकेच स्थूल पण यकृत चांगले, अशा घरांत हेच प्रमाण १७ आणि ३७ टक्के होते. म्हणजे मुलाचा अहवाल हा बहुधा अख्ख्या घराचा अहवाल असतो. मुलाबरोबर आई-वडिलांनीही तपासणी करून घेतली तर फुकट जात नाही.

जनुके नेमके काय करतात

या विकाराशी सर्वांत घट्ट नाते असलेले जनुक म्हणजे बाविसाव्या गुणसूत्रावरील पीएनपीएलए३. टेक्सासमधील डॅलस येथे झालेल्या मोठ्या अभ्यासातून २००८ मध्ये त्याचा यकृतातील चरबीशी असलेला संबंध उघड झाला. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनातील १४८ व्या जागी आयसोल्युसीनऐवजी मेथिओनीन हे अमिनो आम्ल आले, की ते प्रथिन चरबीच्या थेंबांवर चिकटून बसते, पेशीला त्याची नीट विल्हेवाट लावता येत नाही आणि थेंब रिकामे होण्याचे काम अडते. हा बदल डॅलसमधील लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांत सर्वाधिक, या जनुकाच्या सुमारे ४९ टक्के प्रतींमध्ये, आढळला (प्रत्येकाकडे आई-वडिलांकडून आलेल्या दोन प्रती असतात). तो भारतीयांतही आढळतो. यातील लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की हा बदल इन्सुलिन-रोध निर्माण करत नाही. त्यामुळे रक्तातील साखर उत्तम, मान स्वच्छ आणि तरी यकृतात चरबी, असे मूल असू शकते.

दुसरे जनुक टीएम६एसएफ२. यकृत आपली चरबी कणांच्या रूपाने रक्तात पाठवत असते. या जनुकातील एका बदलामुळे ती पाठवणी मंदावते. परिणाम असा की चरबी यकृतात अडकते आणि रक्तातले कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड उलट कमीच दिसतात. तिसरे जीसीकेआर. यकृतात ग्लुकोज आत घेऊन त्याचा पुढचा व्यवहार सुरू करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते लगाम घालते. लगाम सैल करणारा बदल असला तर यकृत साखर जोमाने ओढून घेते व तिची चरबी बनवते; उपाशीपोटीची साखर थोडी कमीच राहते, ट्रायग्लिसराइड मात्र चढतात.

हे तिन्ही एकत्र ठेवून पाहिले की पालकांच्या कामाचा एक नियम हाती येतो : कोणताही एकच आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. कोलेस्टेरॉल चांगले असणे हा टीएम६एसएफ२ चा भुलावा असू शकतो, उपाशीपोटीची साखर चांगली असणे हा जीसीकेआरचा.

मग या जनुकांची तपासणी करून घ्यावी का? माझे मत स्पष्टपणे नाही असे आहे. आज तिच्या निकालाने मुलाच्या उपचारात काहीही बदलत नाही. घराण्याचा तक्ता फुकट आहे आणि कामाचा आहे. अपवाद वर सांगितलेल्या दुर्मीळ आजारांच्या संशयाचा. तिथे डॉक्टर स्वतःच तपासणी सुचवतात.

‘घराण्यातच आहे’ या वाक्याचे उत्तरही याच जनुकांकडून मिळते. २०१० मध्ये अमेरिकेतील लॅटिन अमेरिकी मुलांच्या अभ्यासात असे दिसले, की पीएनपीएलए३ चा दोन्ही पालकांकडून आलेला बदल असलेल्या मुलांमध्ये साखर आणि पिष्टमय पदार्थ जितके जास्त, तितकी यकृतातील चरबी जास्त. बदल नसलेल्या मुलांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. याची दुसरी बाजू २०११ च्या एका छोट्या प्रयोगात, तोही प्रौढांवरील, समोर आली. सहा दिवस कमी उष्मांकाचा आणि कमी पिष्टाचा आहार दिल्यावर हा बदल दुहेरी असलेल्यांची यकृतातील चरबी ४५ टक्क्यांनी उतरली, तर नसलेल्यांची १८ टक्क्यांनी. ज्याचे यकृत साखरेने लवकर बिघडते, त्याचेच ती सोडल्यावर लवकर सुधारू शकते. घराण्यात हा आजार असलेल्या घराला आहार बदलण्याचे कारण इतरांपेक्षा जास्त आहे.

चरबी येते कुठून

लोकांची समजूत अशी की तूप खाल्ले म्हणून यकृतात चरबी साचली. अमेरिकेत २००५ मध्ये प्रौढ रुग्णांवर झालेल्या मोजणीनुसार यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के रक्तातील मुक्त मेदाम्लांतून आली, आणि ती प्रामुख्याने अंगावरच्या चरबीतून सुटतात. सुमारे २६ टक्के यकृताने स्वतः साखर व पिष्टापासून बनवली आणि केवळ १५ टक्के थेट आहारातल्या तेला-तुपातून आली. इन्सुलिनचे एक काम अंगावरच्या चरबीला जागेवर धरून ठेवण्याचे असते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की ती चरबी सुटून यकृताकडे धावते. आणि हेच वाढलेले इन्सुलिन यकृतात नवी चरबी बनवण्याचा हुकूम मात्र पूर्वीसारखाच बजावत राहते. दोन्हीकडून भर पडते ती अशी.

फ्रुक्टोज हा यातला विशेष भाग. ते मोठ्या प्रमाणात थेट यकृतात जाते आणि ग्लुकोजच्या वाटेवर जे नियंत्रण असते ते टाळून चरबीच्या कारखान्यात पोहोचते. वाटेत युरिक आम्लही वाढवते. साध्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोजच असतो. गूळ मुख्यतः तीच साखर आहे आणि मधात फ्रुक्टोज भरपूर असते, त्यामुळे ‘आम्ही साखर बंद करून गूळ सुरू केला’ या समाधानाला यकृताच्या दृष्टीने काही अर्थ नाही.

वयात येताना इन्सुलिन-रोध नैसर्गिकरीत्याच वाढतो, म्हणून नवव्या-दहाव्या वर्षी किरकोळ वाटणारी चरबी तेराव्या वर्षी वाढलेली दिसू शकते. थांबून पाहू, असे म्हणण्याचे हे वय नव्हे.

तपासण्या : काय मागावे आणि अहवाल कसा वाचावा

उत्तर अमेरिकेतील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार स्थूल मुलांची पहिली चाचणी नऊ ते अकरा या वयात करावी, आणि ती सोनोग्राफी नव्हे तर रक्तातील एएलटी, म्हणजे आपल्या प्रयोगशाळांच्या कागदावरचे एसजीपीटी. सोनोग्राफीत थोडी चरबी सुटून जाते; यकृताचा पाचवा हिस्सा ते तिसरा हिस्सा चरबीने भरल्याशिवाय ती खात्रीने दिसत नाही. त्यामुळे सोनोग्राफी निर्दोष आली म्हणजे यकृत निर्दोष, असे समजू नये.

एसजीपीटी वाचताना एक सापळा आहे. बहुतेक प्रयोगशाळा ४० किंवा त्याच्या आसपासची मर्यादा छापतात, कारण ती प्रौढांची असते. या मार्गदर्शिकेत मुलग्यांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ ही वरची मर्यादा धरली आहे. ३८ हा आकडा कागदावर ठळक होत नाही, पण दहा वर्षांच्या मुलीसाठी तो वाढलेला आहे. मर्यादेच्या दुप्पट वा अधिक आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ टिकला तर सविस्तर तपासणी करावी आणि ८० च्या पुढे गेला तर ती लवकर करावी.

त्यासोबत उपाशीपोटीची साखर व एचबीए१सी (साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी), ट्रायग्लिसराइड व एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) यांसह चरबीची तपासणी, थायरॉइड आणि रक्तदाब पाहावा. दहा वर्षांवरील मुलांत ट्रायग्लिसराइड ९० च्या आत असावे, १३० पासून ते जास्त धरतात. इथेही छापील १५० ची मर्यादा प्रौढांची आहे. उपाशीपोटीचे इन्सुलिन मोजण्याचा आग्रह पालकांनी धरू नये. तो आकडा दिवसागणिक आणि प्रयोगशाळेगणिक बदलतो आणि मान व कंबर जे सांगतात त्याहून अधिक क्वचितच सांगतो.

एसजीपीटी टिकून वाढलेले असेल तर स्थूलता दिसते म्हणून तेच कारण, असे मानू नये. हिपॅटायटिस बी व सी, विल्सनच्या आजारासाठी सेरुलोप्लाझ्मिन या रक्तातील प्रथिनाची चाचणी, स्वप्रतिकारक यकृतदाह (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटणे), सीलिअॅक (गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा आजार) आणि मूल घेत असलेली स्टेरॉइड वा फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएटसारखी औषधे यांचा विचार झाला का, हे डॉक्टरांना विचारणे हा उद्धटपणा नाही. मूल स्थूल नसताना किंवा फारच लहान असताना यकृतात चरबी आढळली तर तो प्रश्न आणखी महत्त्वाचा ठरतो. यकृत किती ताठर झाले आहे हे पाहणारी इलास्टोग्राफी मोठ्या शहरांत उपलब्ध असते. सुईने तुकडा काढून तपासण्याची वेळ मोजक्याच मुलांवर येते. कावीळ, रक्ताची उलटी, काळी शौच, पोट फुगणे किंवा वाढलेली प्लीहा यांपैकी काहीही असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये.

स्वयंपाकघरातले काम

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ११ ते १६ वयाच्या ४० मुलग्यांपैकी निम्म्यांच्या आहारातील मुक्त साखर (वरून घातलेली आणि मध, फळांचे रस यांतली) आठ आठवडे एकूण उष्मांकांच्या तीन टक्क्यांखाली ठेवली. त्यांच्या यकृतातील चरबी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचा आहार घेणाऱ्यांची २१ वरून २० वर. या चाचणीतील खरी हिकमत अशी होती, की मुलाबरोबर त्याच्या संपूर्ण घराचा आहार बदलला होता. एकट्या मुलाच्या ताटातून गोड काढून बाकीच्यांनी त्याच्यासमोर श्रीखंड खायचे, हा उपाय नसून शिक्षा आहे, आणि ती फार दिवस टिकत नाही.

म्हणून पहिला आठवडा फक्त पेयांचा ठेवावा. २५० मिलिलिटर शीतपेयात साधारण २६ ग्रॅम साखर असते. अमेरिकी हृदयसंघटनेने मुलांसाठी दिवसाला सांगितलेली २५ ग्रॅमची कमाल मर्यादा एका बाटलीतच संपते. डब्यातले फळांचे रस, सरबते, गोड लस्सी आणि दुधात घालायची चॉकलेटी भुकटीही याच यादीत धरावी. अशा भुकट्यांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नये, असे एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला ई-व्यापार कंपन्यांना सांगावे लागले होते, एवढे सांगितले तरी आजी-आजोबांचे मन वळवायला उपयोग होतो. त्याऐवजी पाणी, पातळ ताक, साधे दूध. चहा पिणाऱ्या मुलाच्या चहातील साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावी. जीभ तेवढ्यात सवय लावून घेते.

दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी शाळा आणि क्लास यांच्या मधल्या वेळेकडे वळावे, कारण बिस्किटे, खारी, फरसाण, पाव आणि नूडल्स नेमके तिथे खाल्ले जातात. उकडलेले अंडे, मोडाची मटकी, भाजलेले चणे-शेंगदाणे, काकडी, एखादा पेरू असे काही हाताशी तयार असेल तरच हे जमते. मूल भुकेले घरी आल्यावर विचार करायला बसले तर बिस्किटाचा पुडाच फुटतो. जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ किंवा आमटी घट्ट आणि भात कमी, अशी वाटणी असावी. फळे अख्खी खावीत. उन्हाळ्यात एखादी आंब्याची फोड चालेल, साखर घातलेल्या आमरसाच्या वाट्या नाहीत. उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट आणि तेल आहे, हे कटू असले तरी सांगायला हवे.

दररोज साठ मिनिटे घाम येईल असे खेळणे हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. वजन उतरले नाही तरी हालचालीने स्नायू इन्सुलिनला दाद देऊ लागतात, त्यामुळे काट्यावर फरक दिसत नाही म्हणून मैदान सोडू नये. वाढत्या वयातील मुलाचे वजन जागेवर राहून उंची वाढली तरी ते पुष्कळ यश असते; तीव्र स्थूलता असेल तर वजन सावकाश उतरवण्याचे लक्ष्य डॉक्टरांशी ठरवावे. उपाशी ठेवून झपाट्याने वजन उतरवणे मुलांसाठी घातक आहे.

औषधांविषयी थोडक्यात. मुलांवरील २०११ च्या मोठ्या चाचणीत मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध आणि ई जीवनसत्त्व या दोन्हींनी एसजीपीटी टिकाऊपणे उतरले नाही. ई जीवनसत्त्वाने काही मुलांच्या यकृतातील सूज सुधारली, पण ते देण्याचा निर्णय तज्ज्ञाचा आहे. मेडिकलमधून ‘लिव्हर टॉनिक’ आणून पाजणे आणि परिचितांनी सांगितलेले काढे सुरू करणे दोन्ही टाळावे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, असे यकृत मानत नाही. हिपॅटायटिस ए आणि बीच्या लसी राहिल्या असतील तर मात्र त्या लगेच पूर्ण कराव्यात.

एसजीपीटी, ट्रायग्लिसराइड आणि साखर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावी. सोनोग्राफी दर महिन्याला करण्यात अर्थ नाही, कारण ‘ग्रेड’ हा पाहणाऱ्याच्या नजरेनुसारही बदलतो. घरी दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला कंबर आणि उंची मोजून कागदावर लिहावी, आणि पुढच्या भेटीत तो कागद, घराण्याचा तक्ता आणि तपासणी न झालेले भावंड, तिन्ही बरोबर न्यावीत.